मार्सेल मामाचं पार्टिशन

माझ्या मामाला इंग्रजी येत नव्हतं. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शाळेत तो जेमतेम दुसरीपर्यंत बसला आणि मग त्याच्या बापाने त्याच्या हातात रंधा दिला. तरी दहा-पंधरा इंग्रजी शब्द त्याचे स्वतःचे होते, कारण ते त्याच्या हाताखालून गेले होते. फ्रेम, ड्रॉवर, व्हार्निश आणि पार्टिशन.

पार्टिशन हा शब्द त्याला वसईच्या कोर्टाने दिला. कोर्टाच्या आसपास वकिलांच्या खोल्या होत्या. एका खोलीत दोघे-दोघे वकील बसायचे आणि मधे फळ्यांचा आडोसा लागायचा. तो आडोसा मार्सेल मामासारखा वसईत कुणी करत नसे. माणसाच्या खांद्याच्या वरपर्यंत फळ्या, त्यावर नक्षीची पट्टी, आणि एका बाजूला ढकललं की उघडणारं, सोडलं की आपोआप मिटणारं अर्धं दार. छतापर्यंत तो कधीच नेत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "मार्सेल, वरपर्यंत घे की," तर तो म्हणायचा, "मग गवंडी बोलवा. पार्टिशन म्हणजे भिंत नाही. पलीकडच्या माणसाने चहा मागितला तर अलीकडे ऐकू आला पाहिजे."

त्याची बायको क्लारा मामी आणि मुलगी उर्सुला. मूल एकच. माणिकपूरला आमचं घर आणि त्याचं घर यांच्यामध्ये फक्त एक विहीर होती. उर्सुला आणि मी एका वयाच्या, एका बाकावर शिकलेल्या. पुढे मी त्याच शाळेत मास्तरीण झाले आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा उमेळ्याचा, मायकल. कराचीच्या बंदरात वर्कशॉपमध्ये फिटर होता. तेव्हा आमच्या भागातली कितीतरी माणसं कराचीला होती. मुंबईला नोकरी नाही लागली तर कराचीला लागते, एवढंच त्या शहराचं आम्हाला अप्रूप. आगबोटीत बसायचं आणि उतरायचं. सेहेचाळीसच्या जानेवारीत लग्न झालं, आणि तिला पोचवायला मामा-मामी मुंबईच्या धक्क्यापर्यंत गेले. मामी रडत परत आली. मामा सगळ्यांना सांगत होता, "बोट किती मोठी! आतल्या लाकडाचं काम बघायला पाहिजे."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तो एक दिवस कोर्टाकडचं काम टाकून दुपारीच परत आला. मी शाळेतून येत होते. विहिरीपाशी थांबवून त्याने मला विचारलं.

"रिटा, हरिभाऊ वकील म्हणतात देशाचं पार्टिशन ठरलंय. कराची पलीकडे जाणार. खरं?"

"हो मामा. पेपरात आलंय."

"बरं." तो विहिरीच्या कठड्याला टेकला. "दार ठेवतील ना?"

मला हसू आलं आणि लगेच थांबलं, कारण तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोक्यात त्या शब्दाचा एकच अर्थ होता. फळ्या, अर्धं दार आणि वरून ऐकू येणारं बोलणं.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. "तुझ्याकडे ते जाडं पुस्तक आहे ना, शब्दांचं? त्यात बघ काय लिहिलंय."

मी शाळेची डिक्शनरी घेऊन आले आणि त्याला वाचून सांगितलं. शब्द मूळचा लॅटिन, आपल्या मिस्साच्या, देवळातल्या प्रार्थनेच्या भाषेतला. लॅटिनमध्ये पार्स म्हणजे भाग, तुकडा. त्यापासून भाग पाडणं. त्याच मुळापासून पार्टनर शब्दही आलाय, म्हणजे भागीदार, सोबती.

"सोबतीसुद्धा?"

"हो. जो वाटा घेतो तो सोबती."

"मग चांगलाच शब्द आहे," मामा म्हणाला. त्याला बराच धीर आल्यासारखा दिसला. क्लारा मामी विहिरीपलीकडे आपल्या दारात सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "त्यात फळीबिळी काही लिहिलंय का?" मी म्हटलं, लिहिलंय, पण खाली, नंतरचा अर्थ म्हणून. "आधीचा अर्थ तोडणं, असंच ना?" मामीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

ऑगस्ट आला आणि गेला. पंजाबातल्या बातम्या पेपरात येत होत्या, त्या मी मामाला वाचून दाखवल्या नाहीत. कराचीहून मायकलचं पत्र आलं की सगळं ठीक आहे, बंदरात काम वाढलंय, ख्रिस्ती माणसाला कुणी काही करत नाही. बोटी चालू होत्या. उमेळ्याच्या जगन्नाथ पाटलांच्या मळ्यातली विड्याची पानं करंड्यात भरून पूर्वीसारखीच कराचीला जात होती. ती मुंबईला रवाना होताना मामाने स्टेशनवर बघितली आणि तो खूश होऊन घरी आला. "बघ, दार आहे," तो मामीला म्हणाला.

अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात कळलं की उर्सुलाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणाचंच दुमत नव्हतं. मायकलने विचारलं होतं, लगेच पाठवू का? ओळखीचं एक कुटुंब जूनच्या सुरुवातीला येतंय, त्यांच्याबरोबर येईल. मामी म्हणाली, येऊ दे. मामा म्हणाला, नको. जूनमध्ये समुद्र खवळतो, पोरगी अशा अवस्थेत, बोटीत काही झालं तर कोण बघणार? बाळ नोव्हेंबरात व्हायचं होतं. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होतो, तेव्हा येऊ दे. त्याने माझ्याकडून तसं लिहवून घेतलं. पुष्कळ विचार करून, जीव लावून घेतलेला तो निर्णय होता. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

जुलैत परमिटचा नियम निघाला. पलीकडून इकडे यायचं तर सरकारी परवाना हवा. सुरुवातीला आम्हाला वाटलं की हा काही चार दिवसांचा प्रकार असेल. मायकल कचेरीत रांग लावून आला, पुन्हा गेला. अर्ज घेतला, कागद अपुरे म्हणून परत आला, परत घेतला. नारळी पौर्णिमा झाली. पाचूबंदरच्या होड्या समुद्रात गेल्या. मामीने डिंक आणि खारका आणून ठेवल्या होत्या, आळीव निवडून बरणीत भरले होते. माझ्या आईने, फ्लोराने, जुन्या साड्यांची दुपटी शिवली होती. सप्टेंबर संपला तेव्हा मायकलने लिहिलं की आता तिला प्रवास झेपणार नाही.

मुलगी झाली. नाव इझाबेल ठेवलं, मामीच्या आईचं. बातमी आली तेव्हा मामा ओसरीत एक खिडकी तासत होता. मी पत्र वाचलं. मामी ऐकून घेऊन उठली, आणि त्याच्याजवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, दर्या शांत होऊ दे. झाला का शांत?"

त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही. दुसरेही विषय फारसे काढले नाहीत. ताट वाढायची, कपडे धुवायची, रविवारी दोघं देवळात जायची, ती बायकांच्या बाजूला, तो पुरुषांच्या. पण घरात बोलणं म्हणून राहिलं नाही. मी संध्याकाळी गेले की दोघंही माझ्याशी बोलायची. तो मला विचारायचा, "तुझ्या मामीने औषध घेतलं का?" आणि मामी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची.

मामा हरिभाऊ वकिलांकडे गेला. शहाणा माणूस, अडल्यानडल्याला फी न घेता सांगणारा. मीही बरोबर होते. हरिभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि परमिटचे नियम समजावले. तात्पुरता परवाना, कायमचा परवाना, कुणाला कुठला मिळतो. मामाचं लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "हरिभाऊ, तुमच्या कोर्टात पार्टिशनचे दावे चालतात. त्यात काय होतं?"

"त्याला आपण वाटणी म्हणतो. भाऊ वेगळे होतात. जमीन, झाडं, विहीर, सगळ्याचे हिस्से करायचे. प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो."

"प्रत्येकाला?"

"कायद्याने प्रत्येकाला."

"मग यात माझ्या वाट्याला काय आलं?"

हरिभाऊंनी चष्मा काढला आणि पुसत बसले. उठताना त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या टांग्यात मामा म्हणाला, "भला माणूस आहे."

पन्नासच्या पावसाळ्यात मामीला ताप भरला. आधी साधा वाटला, मग छातीत गेला. आईने आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसून दिवस काढले. शेवटच्या दिवसांत ती भ्रमात उर्सुलाला हाका मारायची, कधी रागाने, पाणी भरायला उशीर केला म्हणून. मामा उंबऱ्यावर बसून असायचा. आत आला की ती तोंड फिरवायची, की तापाने मान वळायची, ते आम्हाला कळत नसे. त्याला मात्र एकच कळत होतं. आम्ही कराचीला तार केली. मामी गेली, तिसरा दिवस झाला, महिन्याचा मिस्सा झाला, तरी उर्सुलाचं परमिट निघालं नव्हतं.

ते निघालं पुढच्या वर्षी. तात्पुरतं, थोड्या मुदतीचं. ती आली तेव्हा मी स्टेशनवर होते. ती लठ्ठ झाली होती, कडेवर मुलगी, आणि फलाटावरच तिने मला मिठी मारून विचारलं, "आई शेवटी काय म्हणाली?" मी म्हटलं, तुझं नाव घेत होती. तेवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला वसईच्या पोलीस चौकीत हजेरी द्यायची होती. परमिटवर आलेल्या माणसाला ते सक्तीचं होतं. मामा बरोबर गेला, मीही गेले. टेबलाशी पांडू हवालदार बसला होता. मिठागराच्या गावचा, मामाच्या चांगल्या ओळखीचा. त्याने आम्हाला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

"बसा, बसा. पानी घेता का?"

मग तो खाली बसला, दौत पुढे ओढली आणि बराच वेळ टाकाचं टोक बघत राहिला.

"बाई, कुठून आलात?"

"असं काय विचारतोस पांडू?" मामा म्हणाला. "उर्सुला आहे ही. तिच्या लग्नात तू जेवून गेलायस."

"वळखतो मी. पन मला लिहायला लागतं, मार्सेलभाऊ."

"मग लिही, माणिकपूर."

पांडूने मान खाली घातली. उर्सुला वडिलांच्या हातावर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "लिहा, कराची." पांडूने लिहिलं. परत जाण्याची तारीख विचारली, तीही लिहिली. मामा भिंतीकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्याने छोट्या इझाबेलला खांद्यावर घेतलं आणि तिच्याशी आमच्या बोलीत काहीतरी बोलला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला समजलं नव्हतं. शेजारपाजारच्या मुलांत ती उर्दू शिकली होती आणि घरात मायकल आणि उर्सुला तिच्याशी इंग्रजीच बोलायची, पुढे शाळेत बरं पडावं म्हणून.

उर्सुलाने त्या दिवसांत घर घासून लख्ख केलं. आईचे कपडे धुऊन वाटून टाकले. मामा कामाला गेलाच नाही. तिच्या मागे मागे हिंडायचा, ती विहिरीवर गेली की विहिरीवर. जायचा दिवस जवळ आला तेव्हा आम्ही देवळामागच्या कबरस्तानात मामीच्या क्रुसापाशी गेलो. फुलं ठेवून झाल्यावर मामा म्हणाला, "तू जाऊ नकोस."

"बाबा, मुदत आहे."

"हरिभाऊंना सांगू. काहीतरी करतील. मायकललाही बोलावून घेऊ. इथे मुंबईला काय वर्कशॉप नाहीत?"

"त्याला तिथे क्वार्टर मिळालीय. बढती होणार आहे. इथे येऊन पहिल्यापासून सुरू करायचं? तो नाही यायचा."

"मग तू राहा. पोरीला घेऊन राहा."

मग मला वाटतं तिच्या तोंडून ते सहज, विचार न करता निघालं. "बाबा, मला घरी जायला हवं."

घरी. तो शब्द तिलाही ऐकू आला. ती त्याच्याकडे बघायला लागली. मामाने वाकून क्रुसाच्या बुडाशी वाढलेलं गवत उपटायला सुरुवात केली. सगळं उपटून झालं तरी तो माती उकरत राहिला. शेवटी मी त्याला धरून उठवलं.

ती गेल्यानंतरच्या रविवारी म्हाताऱ्या फादरांनी त्याला मिस्सा झाल्यावर थांबवलं. ते गोव्याचे, आपसात पोर्तुगीज बोलणाऱ्यांतले. त्यांनी विचारपूस केली, देवाची इच्छा वगैरे सांगितलं. मामाने त्यांना तोच शब्द विचारला. माझ्याकडून ऐकलं होतं, वकिलांकडून ऐकलं होतं, तरी त्याचं समाधान होत नव्हतं. तो शब्द त्याने इतकी वर्षं स्वतःच्या हाताने रंधून गुळगुळीत केला होता, आणि तोच आता त्याला ओळख देत नव्हता.

फादर म्हणाले, "आमच्या पोर्तुगीजमध्येही त्याच मुळाचा शब्द आहे, पार्तिर. म्हणजे तोडणं, दोन करणं." मग थांबून म्हणाले, "आणि निघून जाणं. कुणी गावाला निघालं तरी पार्तिरच."

"दोन्हीला एकच शब्द?"

"एकच."

"मग माझी पोरगी निघून गेली, की तुटली, हे तुमच्या भाषेत कळायचं कसं?"

फादर पंचाहत्तरीचे होते. देवळाच्या पायरीवर काठी टेकून ते उभे होते. त्यांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

त्यानंतर मामाने पार्टिशनचं काम घेणं सोडलं. हरिभाऊंनी नवी खोली घेतली आणि मुद्दाम निरोप पाठवला. मामाने सांगितलं, खिडक्या करून देतो, कपाट करून देतो, ते नाही. हरिभाऊंनी दुसऱ्या सुताराकडून करून घेतलं. ते वाईट झालं होतं, पण मामा बघायला गेला नाही.

बावन्नमध्ये परमिटची पद्धत गेली आणि पासपोर्ट आला. तेव्हा त्याच्या मनाने घेतलं की आपणच कराचीला जायचं. मुंबईला किती खेपा घातल्या ते आता सांगता येणार नाही. मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जायची, इतर वेळी तो एकटा. कुठल्या खिडकीवर जायचं ते तिथला शिपाई सांगायचा आणि त्या खिडकीवरचा बाबू दुसरी दाखवायचा. पासपोर्ट झाला, मग व्हिसा होईना. कधी फोटो जुना, कधी तिकडून मायकलचा दाखला यायचा राहिलेला. मधल्या काळात मायकलने तिकडच्या नागरिकत्वाचे कागद करून घेतले, कारण न करता नोकरी टिकणार नव्हती. उर्सुलाने लिहिलं, बाबा, रागावू नका. मामा रागावला नाही. त्याला तो कागद म्हणजे काय ते नीटसं कळलंच नव्हतं, आणि मी कळवलं नाही.

लाकडाच्या भुशाने त्याची छाती आधीच भरलेली. पंचावन्नपासून दमा जोरात सुरू झाला. आधी रंधा सुटला, मग करवत. मग तो विहिरीपर्यंत चालत यायचा आणि कठड्याला धरून उभा राहायचा. त्याचं जेवण आमच्याकडून जाऊ लागलं. उर्सुलाची पत्रं कमी झाली. तिला आणखी दोन मुलं झाली होती, आणि पत्रात इझाबेल इंग्रजीत दोन ओळी लिहायची, आजोबा कसे आहात. त्या ओळी मी आमच्या बोलीत करून सांगायची. तो म्हणायचा, "पोरगी हुशार आहे." पण पूर्वीसारखं पुन्हा वाच म्हणायचा नाही.

व्हिसा आला तो छप्पनच्या नाताळाआधी. मी धावतच त्याच्याकडे गेले. तो उशांना टेकून बसला होता. त्याला दम पुरत नव्हता आणि ओठ निळसर झाले होते. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"मामा, बरं वाटलं की जाऊ. मी येते बरोबर, रजा काढते."

"रिटा," तो म्हणाला, आणि श्वास जमवायला थांबला. "तिथे जाऊन मी कुणाशी बोलू?"

"उर्सुला आहे ना."

"उर्सुला आहे." त्याने कागद मला परत दिला. "ठेव तुझ्याकडे. आता नको."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. त्याने डोळे मिटून घेतले. आमच्या आईने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. तो तिला म्हणाला, "फ्लोरा, मी थकलो गं," आणि भिंतीकडे वळला. पुढे जे काही दिवस तो जगला, त्यांत त्याने मुलीचं नाव काढलं नाही. आम्ही काढलं तर ऐकून घ्यायचा. फादर मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, कुणाला काही निरोप? त्याने मान हलवली, नाही.

फेब्रुवारीत तो गेला. कराचीला तार गेली. पुरताना आम्ही घरची माणसं होतो, हरिभाऊ आले होते, उमेळ्याहून मायकलचे चुलते आले होते. पांडू हवालदार साध्या कपड्यांत आला होता, मागे उभा राहिला. उर्सुलाची तार नंतर आली की व्हिसा मिळत नाही, बाबांसाठी मिस्सा घाला.

घराचं काय करायचं ते हरिभाऊंनाच विचारलं. त्यांनी कागद पाहून सांगितलं, "यात काही वाद नाही. सगळं उर्सुलाचं. दुसरा वाटेकरीच नाही." तसं आम्ही तिला कळवलं. तिने लिहिलं, येईन तेव्हा बघू, तोवर कुलूप असू दे. दोन पावसाळे आम्ही कुलूप सांभाळलं. तिसऱ्या पावसाळ्यात मागची बाजू बसली. आईने माझ्या भावाला सांगून शाबूत कौलं उतरवून घेतली आणि आमच्या गोठ्यावर घातली.